महिन्याची सरासरी नको, रात्री मोजा

प्रश्न यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचा आहे. थोडक्यात असा: "सरलेल्या डिसेंबरात माझ्या बागेतल्या तापमापकावर सहा पहाटे पारा ७ अंशांच्या खाली गेला. त्याच दिवशी जळगावचा आकडा ९-१० आणि मोबाइलवर ११. पेपरात 'दहा वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर' असं छापून आलं, पण महिन्याची सरासरी म्हणे 'सामान्य'. आमच्या आजोबांच्या वहीत 'दत्तजयंतीला हौदावर बर्फाची साय' अशी नोंद आहे. यातलं खरं काय धरायचं? आणि पूर्वी थंडी खरंच जास्त होती का?"

दादा, तुम्ही दिलेला एकही आकडा खोटा असेलच असं नाही. बाग, जळगाव, मोबाइल, पेपर आणि आजोबा, हे पाचही जण वेगवेगळी गोष्ट मोजताहेत, आणि आपण पाचांना एका तागडीत घालतो. माझं आयुष्य पहाटेच्या नोंदी घेण्यात आणि दुसऱ्यांच्या नोंदी तपासण्यात गेलं. त्यावरून सांगतो, निम्मे वाद नोंद कशी घेतली एवढं विचारलं की मिटतात.

आधी तुमचा तापमापक. वेधशाळेचं तापमान म्हणजे पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, उघड्या मैदानात मोजलेलं हवेचं तापमान. पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत शिरत नाही. तुमचा तापमापक कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही. विहिरीच्या पंपघराच्या भिंतीला असेल तर भिंतीने दिवसभर साठवलेली ऊब तो रात्रभर खातो आणि आकडा चढा येतो. उघड्यावर, आभाळाखाली नुसता टांगला असेल तर उलट होतं. निरभ्र रात्री तापमापक स्वतःच आभाळाकडे उष्णता सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षा गार होतो. मग दाखवलेले ६ अंश हे हवेचे नसतात, त्या काचेच्या नळीचे असतात. पेटी परवडत नसेल तर निदान वर पांढरं पत्र्याचं छप्पर आणि बाजूंना हवा खेळती राहील असा आडोसा तरी करा.

दुसरी खोड जुन्या किमान तापमापकाची. त्यात पारा नसतो, अल्कोहोल असतं. काही वर्षांनी थोडं अल्कोहोल उडून नळीच्या वरच्या टोकाला जाऊन चिकटतं, किंवा स्तंभ मध्येच तुटतो. डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण आकडा अंश-दोन अंशांनी खाली येतो. एका तालुक्याच्या केंद्रावर सलग दोन हिवाळे 'विक्रमी' थंडी नोंदली गेली होती. मी नळी उन्हाकडे धरून पाहिली तर वरच्या टोकाला थेंब. त्या दोन हिवाळ्यांच्या बातम्या अजूनही कात्रणांत सापडतात, दुरुस्तीची कुठेच छापली गेली नाही. आणि एक बारीक गोष्ट: किमानाचा निर्देशक, म्हणजे नळीतली सर्वांत खालच्या आकड्यावर थांबून राहणारी बारीक काडी, संध्याकाळी परत लावत जा. सकाळी लावलात आणि त्या वेळी हवा ९ अंशांवर असेल, तर पुढच्या रात्री ढग येऊन पारा १४ च्या खाली उतरला नाही तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही ९ च लिहाल. एक थंड पहाट दोनदा मोजली जाते.

हे सगळं नीट असूनही तुमच्या बागेत जळगावपेक्षा दोन-तीन अंश कमी येऊ शकतात, आणि ते खरे असतात. सातपुड्याच्या उतारावरून रात्री गार हवा पाण्यासारखी खाली वाहते आणि नाल्याकाठच्या, खोलगट शेतात साचते. वारा पडलेल्या निरभ्र रात्री हे सगळ्यात ठळक होतं. याउलट जळगाव शहरातली काँक्रीट आणि डांबर पहाटेपर्यंत ऊब धरून असतात. गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर उभारलेलं केंद्र पंचवीस-तीस वर्षांत वस्तीने वेढलं जातं. केंद्र जागचं हलत नाही, जागाच बदलते. त्याचा परिणाम दिवसाच्या कमाल तापमानावर कमी आणि रात्रीच्या किमानावर जास्त होतो. म्हणून शहरातल्या केंद्राची चाळीस वर्षांची किमान तापमानं एका ओळीत मांडून "थंडी गेली" म्हणणाऱ्यांना मी आधी केंद्राच्या चारही बाजूंचे फोटो मागतो.

मोबाइलचा विषय लवकर संपतो. तिथला आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसतो, संगणकी प्रारूपाने काढलेला असतो, तोही मोठ्या चौकटीचा. हवामान खात्याचा संशोधनासाठी वापरला जाणारा तापमानाचा संचसुद्धा एक अंश अक्षांश गुणिले एक अंश रेखांश अशा चौकटींचा आहे, म्हणजे बाजू साधारण शंभर-एकशे दहा किलोमीटरची. अशा एकाच चौकटीत सुमारे ११५० मीटर उंचीचं तोरणमाळ आणि खालचं शहाद्याचं सपाट रान दोन्ही बसतं. देशाचा कल पाहायला तो संच उत्तम आहे. तुमच्या बागेतली निसवण, म्हणजे केळीचा घड बाहेर पडणं, का अडली हे तो सांगू शकत नाही.

आता 'सामान्य' या शब्दाकडे येऊ, कारण खरी गफलत इथे आहे. हवामानशास्त्रात सामान्य म्हणजे ठरलेल्या तीस वर्षांची सरासरी. सध्या १९९१ ते २०२० ही तीस वर्षं धरतात, त्याआधी १९८१ ते २०१० धरत. दर दहा वर्षांनी ही पट्टी पुढे सरकते, आणि देश तापत असल्याने प्रत्येक नवी पट्टी थोडी गरम निघते. म्हणजे अगदी तोच पारा जुन्या पट्टीवर 'सामान्य' आणि नव्या पट्टीवर 'सामान्यपेक्षा थंड' ठरू शकतो. दोन बातम्यांची तुलना करताना दोघांची पट्टी एकच आहे का, ते आधी पाहा.

आणखी एक कागदी अडचण. हवामान खात्याच्या हिशेबात हिवाळा म्हणजे फक्त जानेवारी आणि फेब्रुवारी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्यांचा मान्सूनोत्तर हंगाम. आपल्याकडे भरिताच्या पार्ट्या डिसेंबरात रंगतात, सारंगखेड्याचा घोडेबाजार डिसेंबरात भरतो, आणि शेकोटीभोवती बसलेल्या माणसाला कुणी सांगितलं की अजून हिवाळा लागला नाही, तर तो हसेल. पण "यंदाचा हिवाळा देशात सरासरीपेक्षा उबदार" असं वाचाल तेव्हा त्यात तुमचा डिसेंबर धरलेला नसण्याची शक्यता मोठी. शिवाय विभागवार आकडे 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागाचे येतात. त्यात नंदुरबारही आहे आणि सोलापूर, कोल्हापूरही. उत्तरेचा कोरडा वारा सातपुडा ओलांडून आपल्यावर पहिल्यांदा येतो. कोल्हापूरला पोहोचेपर्यंत त्याची धार बोथट होते. उपविभागाची सरासरी खानदेशच्या थंडीला नेहमी थोडं पाणी घालून पातळ करते.

आता तुमचा मूळ प्रश्न: महिना कडक, तरी सरासरी सामान्य, असं कसं?

समजा दोन डिसेंबर आहेत. पहिल्यात आभाळ बरेच दिवस ढगाळ, रात्री पारा १४ वर अडलेला, दिवसा २६ च्या वर चढत नाही. सरासरी २०. दुसऱ्यात आभाळ काचेसारखं स्वच्छ, पहाटे ९, दुपारी ३१. सरासरी पुन्हा २०. कागदावर दोन्ही महिने जुळे भाऊ. शेतात मात्र पहिल्या महिन्यात हरभऱ्यावर घाटेअळी आणि ढगाळ हवेचे रोग, तर दुसऱ्यात गहू खूश आणि केळीला चरका. खानदेशात हिवाळ्यातल्या पहाटे आणि दुपारमधला फरक पंधरा-वीस अंशांचा असतो. इतकी मोठी दरी एका सरासरीने बुजवली की हाती काही उरत नाही. म्हणून मी महिन्याच्या एकत्रित सरासरीकडे बघणं कधीच सोडलं. किमान वेगळं लिहा, कमाल वेगळं लिहा, आणि मग रात्री मोजा.

रात्री मोजायच्या म्हणजे काय? वहीत प्रत्येक डिसेंबराला एक ओळ द्या. त्या ओळीत चार खाने: किमान तापमान १० अंशांच्या खाली गेलेल्या रात्री किती, ८ किंवा त्याखाली किती, ५ च्या खाली किती, आणि सलग सर्वांत लांब थंड माळ किती रात्रींची. शेवटचा खाना लोक विसरतात, आणि केळीवाल्यासाठी तोच सर्वांत मोलाचा. दहाच्या खाली केळीची वाढ जवळपास थांबते. एखाद-दुसरी तशी रात्र झाड पचवतं. पण आठवडाभर ओळीने तसं झालं की पानं पिवळी पडतात, नवं पान यायला वेळ लागतो, आणि निसवणीच्या वेळी घड पोंग्यातच अडकतो. महिन्यात विखुरलेल्या आठ थंड रात्री आणि ओळीने आलेल्या आठ थंड रात्री यांची सरासरी सारखी निघते, पण बागेला दोन्हींचा फटका सारखा नसतो. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची, लहान रोपं तर दुसऱ्या प्रकाराने पार बसतात.

फळपीक विम्याचंही गणित असंच चालतं. केळीसाठी गेली काही वर्षं कमी तापमानाचा निकष नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याखाली असा राहिला आहे. अटी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचा शासन निर्णय वाचूनच बोला. दोन पहाटे ७.६ आणि ७.९ आणि तिसरी ८.४ निघाली, की माळ तुटली. आणि हे आकडे महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचे धरतात, तुमच्या बागेतले नाही. म्हणून तुमच्या मंडळाचं केंद्र कुठे उभं आहे ते एकदा स्वतः जाऊन पाहा. पत्र्याच्या शेडला चिकटून असेल, कुणाच्या उसाने वेढलेलं असेल, तर फोटोसह लेखी तक्रार नोव्हेंबरच्या आधी द्या. फेब्रुवारीत दिलेल्या तक्रारीवर कुणी मागच्या तारखेने थंडी वाढवून देत नाही. आणखी एक: ढगाळ आठवड्यात सौरपट्टीवर चालणारी यंत्रं कधी कधी बंद पडतात. गाळलेले दिवस बहुतेक उबदार रात्रींचे असतील तर उरलेला महिना आहे त्यापेक्षा थंड दिसतो. चार-पाचपेक्षा जास्त दिवस गहाळ असलेला महिना मी तुलनेत घेत नाही.

अशा तीस वर्षांच्या ओळी जमल्या की त्या जास्त थंड रात्रींपासून कमी थंड रात्रींकडे अशा लावा आणि यंदाची ओळ कुठे बसते ते बघा. वरून तिसरी आली तर महिना खरोखर कडक. बारावी-तेरावी आली तर पहाटे कितीही हुडहुडी भरली असो, महिना मधलाच. एवढं पुरे, याला संगणक लागत नाही. मागची तीस वर्षं तुमच्या बागेची नसणार, म्हणून ती जळगावच्या वेधशाळेची घ्या आणि यंदाची ओळही जळगावचीच ठेवा. बागेचा आकडा त्यात मिसळू नका. बाग आणि जळगाव यांच्यातला रोजचा फरक मात्र दोन-तीन हिवाळे वेगळा लिहीत जा. निरभ्र रात्री तो साधारण किती असतो हे कळलं, की जळगावच्या आकड्यावरून आपल्या बागेचा अंदाज बांधता येतो.

'थंडीची लाट' हा शब्दही पेपरवाले सढळ हाताने वापरतात. सपाट प्रदेशासाठी खात्याची अट अशी: किमान तापमान १० अंश किंवा कमी हवं, आणि ते त्या केंद्राच्या त्या काळातल्या सामान्यापेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त खाली हवं. साडेसहा किंवा त्याहून खाली गेलं तर तीव्र लाट. किंवा सामान्य काहीही असो, पारा थेट ४ किंवा त्याखाली गेला तरी लाट, २ किंवा त्याखाली तीव्र. आता बघा, एखाद्या केंद्राचं सामान्य १२ असेल तर तिथे साडेसातला लाट होते, पण ज्याचं सामान्यच १० आहे तिथे साडेपाचपर्यंत उतरावं लागतं. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला आकडा वरचेवर राज्यातल्या नीचांकी आकड्यांत असतो. तिथे ६ अंश असताना लाट नाही आणि दुसरीकडे सातला आहे, असं होऊ शकतं. धुळेकरांना हा अन्याय वाटतो. पण लाट हा शब्द थंडी मोजत नाही, नेहमीपेक्षा पडलेला फरक मोजतो.

"दहा वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर" याने तर अजिबात दचकू नका. हवामानात काहीही बदल नसला तरी कुठल्याही दहा वर्षांत एक डिसेंबर सर्वांत थंड असणारच, आणि तो शेवटचा असण्याची शक्यता दहात एक. त्यात बारा महिने, डझनभर केंद्रं, कमाल-किमान असे दोन-दोन आकडे. रोज शोधलं तर आठवड्याला एक दशकाचा विक्रम सापडेल. त्यापेक्षा पन्नास-शंभर वर्षांच्या नोंदीतला विक्रम मोडला तर थांबून वाचा. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर आला, तो तिथल्या उपलब्ध नोंदीतला नीचांक होता. ती बातमी होती.

आता आजोबांची वही. मला तुमच्या प्रश्नात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, पण तिच्यात एक सापळा आहे. नोंद तिथीची आहे. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, आणि ती इंग्रजी तारखेत फिरत असते. २०२३ मध्ये ती २६ डिसेंबरला होती, २०२४ मध्ये १४ ला, २०२५ मध्ये ४ ला. दोन वर्षांत बावीस दिवसांचा फरक! डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात थंडी सारखी कशी असेल? दत्तजयंतीलाच भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेला जाणारी मंडळी दरवर्षी सांगतात, "औंदा यात्राले हिवच नही पडनं", आणि कॅलेंडर काढलं तर बऱ्याचदा यात्राच लवकर आलेली असते. म्हणून आधी वहीतल्या प्रत्येक तिथीची जुन्या पंचांगावरून तारीख काढा. संक्रांतीच्या नोंदी असतील तर सोन्याहून पिवळं, कारण ती दरवर्षी १४-१५ जानेवारीलाच येते.

हौदावरची साय मात्र मी खोटी म्हणणार नाही. पेटीतली हवा ३-४ अंशांवर असताना जमिनीलगतचा गवताचा थर आणि उघडा पत्रा शून्याला टेकू शकतो. उष्णता थेट आभाळात जाते. तोरणमाळला, अक्कलकुव्याकडच्या डाबला गवतावर दव गोठल्याच्या बातम्या येतात तेव्हा पेटीतलं तापमान शून्य असेलच असं नाही. हौदाचं पाणी गोठायला गवतापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा आजोबांनी पातळ थर पाहिला असेल तर ती रात्र खरोखर कडाक्याची, निरभ्र आणि बिनवाऱ्याची असणार. पण ती एक रात्र. तिच्यावरून तो सबंध हिवाळा ठरत नाही.

वहीबरोबर सरकारी जुने कागद चाळणार असाल तर दोन खुणा ध्यानात ठेवा. जुने आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत: ५० म्हणजे आपले १०, ४० म्हणजे साधारण ४.४. आणि 'खानदेश' म्हणजे कुठला खानदेश ते सालावरून ठरतं. १९०६ पर्यंत एकच जिल्हा होता, नंतर पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. नंदुरबार तर धुळ्यापासून १९९८ मध्ये वेगळा झाला. 'पश्चिम खानदेशात पिकांवर गोठण' असं वाचलं की ते धुळं होतं की सातपुड्यातला अक्राणीचा डोंगर, हे शोधल्याशिवाय तुलना करू नका.

पूर्वी थंडी जास्त होती का? देशाचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढलं, हे पक्कं आहे. पुण्याचा १.७ अंशांचा नीचांक १९३५ च्या जानेवारीतला, मुंबईत सांताक्रूझचा ७.४ चा १९६२ च्या जानेवारीतला, आणि ते अजून मोडलेले नाहीत. पण वर नागपूरचं सांगितलं तेही विसरू नका. तापणाऱ्या काळातही एखादी उत्तरेची लाट जुना नीचांक पाडू शकते. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पावसा-बर्फाची प्रणाली) हिमालयावरून सरकला, मागे आभाळ निवळलं, वारा उत्तरेचा झाला आणि मग पडला, की दोन-तीन रात्रींत पारा धाडकन खाली येतो. ही यंत्रणा अजून तशीच आहे. त्या आठवड्यावरून "थंडी परत आली" म्हणणारा आणि पुढच्या ढगाळ आठवड्यावरून "थंडी संपली" म्हणणारा, दोघेही सारखेच चुकतात. 'ला निना' (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार असण्याचा काळ) आहे म्हणजे कडाका पडणारच, हे सूत्रही फार ताणू नका. २०२२-२३ चा हिवाळा ला निनाचा होता, आणि त्याच हिवाळ्याच्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनचं त्या महिन्यातलं सर्वाधिक निघालं. गव्हाचा दाणा भरायच्या वेळी ऊन चढलं.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे बदल शोधायचा असेल तर डिसेंबरच्या नीचांकात शोधू नका. फेब्रुवारीत १० च्या खाली गेलेल्या रात्री किती आणि कमाल तापमान पहिल्यांदा ३५ ओलांडलं ती तारीख कोणती, हे दोन खाने वहीत वाढवा. बागायतदार थंडीवरच डोळे लावून बसतो, त्यामुळे हे दोन खाने बहुतेक वह्यांत मोकळेच सापडतात.

आजोबांच्या वहीत लागवडीच्या आणि निसवणीच्या तारखा असतील तर त्या हौदाच्या नोंदीहून मला जास्त हव्यात, कारण निसवण किती लांबली यात सबंध हिवाळ्याची नोंद आपोआप होत असते. मात्र वाण आणि पाणी द्यायची रीत बदलली असेल तर तेही शेजारी लिहा. पाटाच्या पाण्यावरची बसराई आणि ठिबकवरची ऊतिसंवर्धित ग्रँड नैन यांच्या तारखा थेट जोडता येणार नाहीत. आणि वहीच्या सगळ्या पानांचे आजच उजेडात फोटो काढून ठेवा, जुनी शाई फार लवकर उडते.